तेहतिसाचे तीस कसे झाले?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय आइसलँडची निवडणूक. विषय ऐकून मागच्या रांगेतल्या दोघातिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसतात. बरोबर आहे. आइसलँड म्हणजे नकाशाच्या वरच्या टोकाला, बर्फ आणि ज्वालामुखी यांच्या बेचक्यात बसलेलं बेट. माणसं जेमतेम चार लाख. २०२१ साली तिथल्या संसदेच्या निवडणुकीला मतदार होते साधारण २ लाख ५४ हजार. मुंबईतल्या एका लोकसभा मतदारसंघात याच्या कितीतरी पट मतदार असतात. मग तिथं कोण निवडून आलं आणि कोण पडलं, याच्याशी आपल्याला काय देणंघेणं?

देणंघेणं आहे. लोकशाहीचा विषय निघाला की हेच उत्तरेकडचे देश आपल्या तोंडावर फेकले जातात. बघा, तिकडे कसं सगळं शिस्तीत, समतेनं चालतं! पांढरपेशा विचारवंतांचा तो स्वर्ग. तर चला, स्वर्गात जाऊन बघू. आणि दुसरं कारण असं की मत म्हणजे काय, ते मोजायचं कुणी, मोजणारा चुकला तर न्याय करायचा कुणी, हे प्रश्न मोठ्या देशाच्या गर्दीत दडपून जातात. लहान देशात ते काचेच्या बरणीत ठेवल्यासारखे दिसतात.

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. आदल्या दिवशी मतदान झालेलं, रात्रभर मोजणी चाललेली. सकाळी आकडा बाहेर आला : ६३ जागांच्या संसदेत ३३ स्त्रिया. निम्म्याहून जास्त! युरोपात प्रथमच, अशी बातमी जगभर पळाली. (रवांडाच्या संसदेनं ही रेषा २००८ सालीच ओलांडली होती, पण 'युरोपात' हा एक शब्द घातला की आफ्रिकेतल्या बायांचा विक्रम आपोआप बाजूला सरकतो.) संध्याकाळी आकडा बदलला. ३३ नव्हे, ३०. आणि ३० तर २०१६ सालीही निवडून आल्या होत्या. म्हणजे तो ऐतिहासिक वगैरे क्षण काही तासांचा ठरला.

आता नीट ऐका. मधल्या काळात एकाही मतदारानं आपलं मत बदललेलं नव्हतं. एकाही पक्षाची एकही जागा वाढली नव्हती की घटली नव्हती. फक्त एका मतदारसंघातल्या मतपत्रिका दुसऱ्यांदा मोजल्या गेल्या, आणि पाच माणसं संसदेच्या बाहेर पडली, पाच आत आली. बाहेर पडलेल्या पाचांत तीन बाया. आत आलेले पाचही पुरुष.

हे कसं झालं ते सांगण्याआधी थोडं मागं जाऊ. या देशाला आपल्या संसदेचा फार अभिमान. तिचं नाव आल्थिंगी. इसवी सन ९३० मध्ये थिंगवेल्लिरच्या माळावर ती भरली, म्हणून जगातली सर्वात जुनी संसद आमचीच, असा टेंभा ते मिरवतात. असेल. पण कुणाची संसद? त्या माळावर जमले ते सरदार आणि जमीनधारक शेतकरी. समुद्रापलीकडून धरून आणलेले गुलाम त्यांच्या जनावरांची शेणं काढत होते. पुढं गुलामी गेली, पण भूमिहीन माणसाला मोकळं सोडलं नाही. कायदाच होता : ज्याच्याकडे जमीन कसायला नाही त्यानं कुणातरी शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने गडी म्हणून राहायचं. स्वतःचं बिऱ्हाड थाटायचं नाही. हा फास १८९४ साली सैल झाला. म्हणजे हजार वर्षं जुनी म्हणवणाऱ्या संसदेच्या देशात भूमिहीनाला स्वतःच्या चुलीचा हक्क मिळून दीडशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

मताचंही तेच. १८४५ साली आल्थिंगी पुन्हा भरू लागली तेव्हा मतदार म्हणजे मालमत्तावाले पुरुष. १९१५ साली बायांना मत दिलं, पण चाळिशी उलटलेल्यांना. आणि त्याच कायद्यानं, त्याच अटीवर, कुणाला दिलं? घरगड्यांना. बाई आणि गडी एका रांगेत! दोघांनाही अक्कल चाळिशीनंतर येते असं कायदेपंडितांचं संशोधन असावं. ही वयाची अट १९२० मध्ये गेली. १९२२ साली इंगिब्योर्ग ब्यार्नासन ही पहिली बाई संसदेवर निवडून आली. पण जो कंगाल सरकारी मदतीवर जगतो त्याला मत नव्हतंच. भाकर घेतलीस ना, मग मत विसर. ही अट १९३४ पर्यंत होती. तेव्हा मताचा हक्क तिथंही आभाळातून पडलेला नाही. एकेक दार लाथा घालून उघडावं लागलं आहे.

बायांनी घातलेली सर्वात मोठी लाथ २४ ऑक्टोबर १९७५ ची. त्या दिवशी देशातल्या दहातल्या नऊ बायांनी काम बंद केलं. नोकरीतलंही आणि घरातलंही. मासळीचे कारखाने ठप्प, शाळा ठप्प, पोरांना काखोटीला मारून बाप ऑफिसात हजर. पोरांना काय खायला घालायचं हे बापांना ठाऊक नाही, म्हणून म्हणे दुकानातले सॉसेज संपले. हसू नका, आपल्यातले किती जण वेगळं करतील? पाच वर्षांनी, १९८० मध्ये, व्हिग्दिस फिन्नबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. १९८३ साली बायांनी निवडणुकीत स्वतःची वेगळी यादी उभी केली आणि तीन जागा जिंकल्या. त्या एका निवडणुकीत संसदेतल्या बाया तिनाच्या नऊ झाल्या, कारण जुन्या पक्षांनाही धाक बसला. संसदेत राखीव जागा नाहीत. ही सगळी बेरीज रस्त्यावरून आलेली आहे. म्हणून ३३ हा आकडा साधा नव्हता. त्याच्या मागं शंभर वर्षांचा घाम होता.

आता यंत्र समजून घ्या. थोडं किचकट आहे, पण जे किचकट असतं तिथंच आपल्याला फसवलं जातं. देशाचे सहा मतदारसंघ. मतदार पक्षाच्या यादीला मत देतो. मत पेन्सिलीनं नोंदवायचं, रबर स्टँप नाही की बटण नाही. ६३ पैकी ५४ जागा मतदारसंघातल्या मतांवर मिळतात. उरलेल्या ९ भरपाईच्या. म्हणजे देशभरात ज्या पक्षाला मतांच्या मानानं जागा कमी पडल्या त्याला त्या देऊन तोल साधायचा. अट अशी की देशभरात किमान ५ टक्के मतं हवीत. (२०२१ मध्ये समाजवादी पक्षाला ४.१ टक्के मतं पडली. जागा शून्य. तोल साधण्याचीही काहीतरी किंमत असते!) भरपाईची जागा पक्षाला मिळणार हे ठरलं, तरी कुठल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला मिळणार हे मतांच्या अगदी बारीक फरकावर ठरतं. ही संगीत खुर्ची आहे. एकानं या मतदारसंघातली खुर्ची पकडली की दुसऱ्याला पळत दुसऱ्या मतदारसंघातली गाठावी लागते, तिथला तिसरीकडे जातो. एका टोकाला पाच-दहा मतं इकडची तिकडे झाली की दुसऱ्या टोकाला माणूस पडतो.

आणि सगळ्यांचं मत सारख्या वजनाचंही नाही. २०२१ मध्ये वायव्य मतदारसंघात साधारण साडेएकवीस हजार मतदारांना ८ जागा होत्या. राजधानी रेक्याविकला लागून असलेल्या नैऋत्य मतदारसंघात पाऊण लाखाच्या आसपास मतदारांना १३. भागाकार करून बघा. एकीकडे २,७०० मतदारांमागे एक खासदार, दुसरीकडे ५,६०० च्या वर. वायव्येतला कोळी आणि मेंढपाळ म्हणेल, आम्ही विखुरलेले, दूरचे, आम्हाला जास्त आवाज पाहिजे. त्यात काही खोटं नाही. पण नैऋत्येतल्या चाळवजा इमारतीत राहणारा कामगार अर्ध्या मताचा का? संविधानानंच ही विषमता दुपटीपर्यंत चालवून घेतली आहे. दुपटीच्या वर गेली तर एक जागा इकडून उचलून तिकडे ठेवायची, तीही पुढच्या निवडणुकीला.

तर हा वायव्य मतदारसंघ. त्याची मतमोजणी बोर्गार्नेस नावाच्या लहानशा गावात, एका हॉटेलच्या सभागृहात होती. रविवारी सकाळी मोजणी संपली. रात्रभर जागलेली माणसं झोपायला गेली. मतपत्रिका? मतपत्रिका तिथंच राहिल्या. कायदा सांगतो, त्यांना मोहोर लावा. मोहोर लावली नव्हती. काही तास हजारो मतपत्रिका हॉटेलच्या सभागृहात तशाच पडून. हॉटेलच्या माणसांची जवळपास ये-जा. कॅमेरे होते, पण मतपत्रिका ठेवल्या होत्या तो सगळा भाग त्यांच्या नजरेत नव्हता. दुपारी निवडणूक मंडळाचा स्थानिक अध्यक्ष इतरांच्या आधी आला आणि काही वेळ त्या मतपत्रिकांजवळ एकटाच होता. आणि लक्षात ठेवा, मत पेन्सिलीचं.

कुणी खाडाखोड केली असं मी म्हणत नाही. तसा पुरावा चौकशीत निघाला नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायची सवय आपण सत्ताधाऱ्यांना सोडू. पण पुरावा निघणारच कसा? मोहोर असती तर ती फुटली की नाही हे बघता आलं असतं. मोहोर लावायची असते ती याचसाठी. जिथं ती नाही तिथं निर्दोष माणसालाही स्वतःचं निर्दोषत्व दाखवता येत नाही.

झालं असं, की भरपाईच्या जागांचा फरक फारच थोडा आहे असं राष्ट्रीय मंडळाकडून सांगण्यात आलं. स्थानिक मंडळाने पुन्हा बघायचं ठरवलं. व्हिद्रेस्न म्हणून एक उदारमतवादी पक्ष आहे, त्याच्या गठ्ठ्यात दुसऱ्याच पक्षांच्या मतपत्रिका निघाल्या. मग सगळंच पुन्हा मोजलं, घाईघाईत, पक्षांच्या प्रतिनिधींना नीट न कळवता. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी मतं इकडची तिकडे झाली. आणि संगीत खुर्ची फिरली.

कोण पडलं? सोशल डेमोक्रॅटांच्या रोसा ब्योर्क ब्रिन्योल्फ्सदोत्तिर. डाव्या-हिरव्या पक्षाच्या होल्मफ्रीदुर आर्नादोत्तिर. व्हिद्रेस्नचे गुद्मुंदुर गुन्नार्सन. मध्यममार्गी पक्षाचा एक खासदार. आणि पायरेट पक्षाची लेन्या रून ताहा करीम. (पायरेट म्हणजे समुद्री चाचे. नाव असं असलं तरी पारदर्शक कारभाराचा सर्वात जास्त आग्रह त्यांचाच.) लेन्या २१ वर्षांची, कायद्याची विद्यार्थिनी, आईबाप कुर्द. ती रेक्याविकमधून उभी होती. बोर्गार्नेसच्या त्या हॉटेलशी तिचा काडीचा संबंध नाही. सकाळी ती आइसलँडच्या इतिहासातली सर्वात तरुण खासदार होती. संध्याकाळी ती परत विद्यार्थिनी.

आता खरा प्रश्न. तक्रार कुणाकडे करायची?

तुम्ही म्हणाल, कोर्टात. आपल्याकडे निवडणुकीला आव्हान द्यायचं तर अर्ज हायकोर्टात जातो. १९७५ साली अलाहाबादच्या हायकोर्टाने पंतप्रधानांचीच निवडणूक रद्द केली होती. त्यानंतर काय झालं तेही तुम्हाला ठाऊक आहे. तर आइसलँडमध्ये ती सोय नाही. त्यांच्या संविधानाचं ४६ वं कलम सांगतं, की सदस्य कायदेशीररीत्या निवडून आला की नाही हे आल्थिंगी स्वतःच ठरवील. म्हणजे ज्याच्या निवडीवर शंका तोच न्यायाधीश! परीक्षेत कॉपी झाली का, हे पास झालेल्या पोरांनी हात वर करून ठरवायचं.

संसदेनं समिती नेमली. समिती बोर्गार्नेसला गेली, कॅमेऱ्यातली चित्रं पाहिली, माणसांना विचारलं. काम त्यांनी मन लावून केलं, हे कबूल केलं पाहिजे. दोन महिने गेले. दोन रस्ते पुढे आले : आहे तोच निकाल कायम करायचा, किंवा वायव्येत पुन्हा मतदान घ्यायचं. पायरेट लोक तर म्हणत होते, देशभरच पुन्हा घ्या. २५ नोव्हेंबर २०२१ ला मतदान झालं. निकाल कायम ठेवण्याच्या बाजूनं ४२, विरुद्ध ५, तटस्थ १६. बेरीज करा. ६३. म्हणजे सगळे. दुसऱ्या मोजणीनं आत आलेले पाचही या बेरजेत आले. बहुमताचा युक्तिवाद असा, की दोष होते खरे, पण त्यामुळे निकाल बदलला असेल असं दिसत नाही. दोन मोजण्यांत निकाल आधीच एकदा बदललेला असताना हे वाक्य उच्चारायला धाडस लागतं!

मित्रांनो, इथं मला सर्वात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हे सगळं टळण्यासारखं होतं. २००८ साली आइसलँडच्या बँका बुडाल्या. लोक भांडी बडवत संसदेसमोर आले, जानेवारी २००९ मध्ये सरकार पडलं. मग लोक म्हणाले, संविधानच नवं करू. साध्या नागरिकांतून निवडलेल्या पंचवीस जणांनी २०११ साली मसुदा लिहिला. त्यात मताचं वजन देशभर सारखं, हे कलम होतं. आणि निवडणुकीच्या वैधतेचा निर्णय राष्ट्रीय मंडळाने द्यावा, त्यावर कोर्टात दाद मागता यावी, हेही कलम होतं. म्हणजे ४६ व्या कलमाची मान मुरगळायची सोय! २० ऑक्टोबर २०१२ ला सार्वमत झालं. हा मसुदा नव्या संविधानाचा पाया व्हावा का? दोन-तृतीयांश लोक हो म्हणाले. मताचं वजन सारखं हवं का? त्यालाही साधारण तितकेच हो म्हणाले.

आणि संसदेनं काय केलं? मसुदा गुंडाळून ठेवला. संविधान बदलायचं तर एका संसदेनं ठराव करायचा, मग निवडणूक घ्यायची, मग नव्या संसदेनं तोच ठराव पुन्हा करायचा. २०१३ च्या निवडणुकीत जुने सत्ताधारी परत आले. ज्यांच्या राज्यात बँका फुगल्या तेच. वजनदार मतांवर ज्यांच्या खुर्च्या उभ्या, ते वजनकाटा दुरुस्त करायला कशाला बसतील? लोकांनी मत दिलं, ते मोजलं गेलं, बिनचूक मोजलं गेलं आणि मग कपाटात ठेवलं गेलं. २०२१ मध्ये बोर्गार्नेसला मतपत्रिकांना मोहोर नव्हती. २०१२ च्या सार्वमताला मात्र पक्की मोहोर लागली. ती अजून उघडायची आहे.

पडलेल्यांपैकी गुद्मुंदुर गुन्नार्सन आणि पायरेट पक्षाचे वायव्येतले उमेदवार माग्नूस दावीद नोर्द्दाल हे दोघे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १६ एप्रिल २०२४ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, मुक्त निवडणुकीच्या हक्काचा भंग झाला आहे. तक्रारीचा निवाडा करताना संसदेचे हात बांधणारे नियम नव्हते, निःपक्षपातीपणाची हमी नव्हती, दाद मागायला दुसरी जागा नव्हती. जगातली सर्वात जुनी संसद, आणि तिला परक्या कोर्टानं सांगावं लागलं की बाई गं, स्वतःचा निवाडा स्वतः करू नये!

पण निकाल लागला तेव्हा संसदेची अडीच वर्षं उलटून गेली होती. त्या खुर्च्यांवर बसलेले बसलेच होते. न्याय मिळाला, जागा नाही.

आता इथं कुणीतरी म्हणेल, ३३ काय आणि ३० काय, त्या बाया गोऱ्या, सुखवस्तू, त्यांच्यातल्या कितीतरी भांडवलदारांच्याच पक्षांतून आलेल्या. मला हा आक्षेप अर्धा पटतो. बाई खुर्चीवर बसली म्हणजे खालची बाई उठून उभी राहिली असं होत नाही. तेव्हाही पंतप्रधान बाईच होती, डाव्या-हिरव्या पक्षाच्या काट्रिन याकोब्सदोत्तिर, आणि त्यांचं सरकार चाललं होतं ते उजव्या पक्षांशी सोयरीक करून. तळाला कोण आहे ते बघा. आज आइसलँडमधली मासळी साफ करणारे, हॉटेलातल्या चादरी बदलणारे हात मोठ्या संख्येनं परदेशातून आलेल्यांचे आहेत, सर्वात जास्त पोलंडचे. २०२१ साली साधारण सातातला एक माणूस परका नागरिक होता. त्याला नगरपालिकेचं मत देता येतं, संसदेचं नाही. ८ मार्च २०१९ ला रेक्याविकमधल्या हॉटेल सफाई कामगार बायांनी एफ्लिंग या युनियनच्या झेंड्याखाली संप केला होता. त्यातल्या बऱ्याच जणी परदेशी. मतपत्रिका हॉटेलात राहू शकतात, पण हॉटेल झाडणाऱ्या कितीतरी बायांचं नाव मतदारयादीत येऊ शकत नाही. तेव्हा ३३ म्हणजे काही क्रांती नव्हती.

पण अर्धाच पटतो. कारण त्या तेहतिसांत कुर्द आईबापांची एक पोरगी होती, आणि पहिल्या झटक्याला बाहेर गेली तीही तीच. मोजणीतली बेपर्वाई सगळ्यांवर सारखी कोसळत नाही. ज्यांची जागा काठावर असते तेच पडतात. आणि काठावर कोण उभं असतं? नवे, उशिरा आलेले, यादीत खाली टाकलेले. जुन्या बड्या नावांना भरपाईच्या जागेची वाट बघत बसावं लागत नाही, त्यांची जागा यादीच्या डोक्यावर पक्की असते.

पुढची निवडणूक ३० नोव्हेंबर २०२४ ला झाली. वायव्येची एक जागा काढून नैऋत्येला दिली होती. आता ७ आणि १४. काट्रिनबाईंचा डावा-हिरवा पक्ष पार धुऊन निघाला, एकही जागा नाही. पायरेट पक्षाचीही एकही नाही. सोशल डेमोक्रॅटांच्या क्रिस्त्रून फ्रोस्तादोत्तिर पंतप्रधान झाल्या, आणि सरकारातल्या तिन्ही पक्षांच्या नेत्या बायाच. त्यांतल्या पीपल्स पार्टीच्या इंगा साय्लांद यांना डोळ्यांनी फारच कमी दिसतं, गरिबांच्या आणि अपंगांच्या प्रश्नांवर त्यांनी तो पक्ष काढला. नवा निवडणूक कायदा तर २०२१ च्या जूनमध्येच मंजूर झाला होता, पण अंमल १ जानेवारी २०२२ पासून, म्हणजे बोर्गार्नेसचा घोटाळा होऊन गेल्यावर. ४६ वं कलम मात्र या निवडणुकीलाही होतं तसंच होतं. २०२४ च्या खासदारांची पत्रंही आधी खासदारांनीच तपासली.

इथं थांबतो. ज्यांना भरपाईच्या जागांचा हिशेब कळला नाही त्यांनी आत्ताच विचारा, मी फळ्यावर मांडून दाखवतो.